वनिताच्या खांद्यावरची लेन्स

सई, निषाद,

माझ्या वाढदिवसाला पाठवलेली लेन्स कशी आहे, असं तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी ‘छान आहे’ म्हणून मोकळी झाले. ते उत्तर अपुरं होतं. एखादी वस्तू कशी आहे हे ती घेऊन कुठेतरी जाऊन आल्याशिवाय सांगता येत नाही. आता मी जाऊन आले आहे. प्रवासाचे कपडे धुऊन कपाटात गेले आणि हातही लिहिण्याइतके थाऱ्यावर आले, म्हणून सगळं क्रमाने सांगते.

यवतमाळ

पुण्याहून यवतमाळपर्यंत सांगण्यासारखं काही घडलं नाही. तिथे माझी मावसबहीण कुसुम राहते. पहिल्याच सकाळी तिने पोहे केले. आपल्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पडते. तिकडे वरून हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात. दोन घासांत माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"रड, रड," कुसुम म्हणाली. "पुण्याचं सगळं गोड निघून जाऊ दे."

खाणं झाल्यावर मी टेबल पुसून घेतलं आणि लेन्स काढली. बंद असताना ती साधारण पाणी प्यायच्या तांब्याएवढी उंच, अंगाने त्याहून बारीक. दूरचं जवळ आणणारी लेन्स म्हणजे बंदुकीसारखी लांबलचक नळी, अशी माझी समजूत होती. ही माझ्या भाजीच्या पिशवीत मावते. अंग कडक प्लॅस्टिकचं आहे, धातूचं नाही. त्याबद्दल मी थोडी साशंक होते, पण नखाने टिचकी मारली तर पोकळ आवाज येईना. कॅमेऱ्याला जोडतात तिथे मात्र धातूची कडी आहे आणि तिच्याभोवती काळ्या रबराची बारीक किनार, कुकरच्या झाकणात असते तशी. धूळ आणि पाणी आत जाऊ नये म्हणून.

रुंद खाचांची रबरी पट्टी झूमची. ती पाव फेरा फिरवली की आतून दुसरी नळी सरकत बाहेर येते आणि लेन्स बरीच लांब होते. त्याबरोबर वजनही पुढे जातं आणि मनगटावर येतं. डावा तळहात लेन्सच्या खाली आणि दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटलेली, असं धरलं तरच चित्र स्थिर राहतं. कोपर सुटलं की चित्र नाचलंच. फोकसची पट्टी मागे आहे आणि अरुंद आहे. माझ्या दुखऱ्या अंगठ्याला ती चाचपडावी लागते. बाजूला तीन खटके. एकाने ठरतं, फोकस यंत्राने करायचा की हाताने. दुसऱ्याने ठरतं, यंत्राने तो जवळच्या वस्तूंवर शोधायचा की लांबच्या. तिसरा हाताची थरथर शोषून घेतो. शिवाय एक लॉक, कॅमेरा गळ्यात असताना नळी आपोआप घरंगळू नये म्हणून.

"एवढं सगळं वाघासाठी?" कुसुमने विचारलं. "तू दिवसभर या बटणांशी खेळशील आणि वाघ कंटाळून निघून जाईल."

जंगलाच्या कडेला

कुसुमने ठरवून दिलेली गाडी सलीम चालवत होता. चाळिशीचा, बोलका माणूस. पांढरकवड्याच्या पुढे, टिपेश्वरच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावात आम्ही उतरलो. तिथे सुदाम आणि वनिता हे जोडपं राहतं. कापूस आणि तुरीची शेती आहे, आणि जंगल पाहायला येणाऱ्यांसाठी घरामागे दोन खोल्या बांधल्या आहेत. शेजारीच सुदामचा धाकटा भाऊ गजानन राहतो. ट्रॅक्टर त्याचा.

दुपारी जंगलात उघड्या जीपने फिरलो. चितळं दिसली, एक निळा पक्षी दिसला, वाघ दिसला नाही. रस्त्याची धूळ इतकी, की झूमची पट्टी फिरवताना कणकण जाणवायला लागली. संध्याकाळी ओल्या फडक्याने खाचा पुसल्यावर ती पुन्हा मऊ झाली. त्याच फेरीत मी लॉक लावायला विसरले. जीपने धक्का खाल्ला, नळी झरकन बाहेर आली आणि तिच्या तोंडाभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं, ज्याला हूड म्हणतात, लोखंडी दांड्यावर आपटलं. त्याच्या कडेला एक चीर गेली आहे. काचेला काही झालं नाही. मी ती उजेडात धरून पुन्हा पुन्हा तपासत राहिले.

"जाऊ द्या, मॅडम," सलीम म्हणाला. "टोप फुटला, डोकं वाचलं."

संध्याकाळी वनिताने तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडल्या. अंगणात बसून आम्ही त्या दातांनी सोलून खाल्ल्या. आपल्याकडे मटाराच्या शेंगा खातो तशाच, पण यांची चव जास्त गंभीर आहे. मग ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी. घरासमोरच त्यांचं शेत पसरलेलं होतं: अलीकडे फुटलेला कापूस, पलीकडे माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली तूर, आणि डाव्या कडेने नाला. शेताच्या चारी कडांना बांबू रोवून जुन्या साड्या बांधल्या होत्या, जांभळ्या, हिरव्या, नारिंगी, फुलाफुलांच्या. मला आधी वाटलं, कसला सण आहे.

"सण कायचा, आजी," वनिता हसली. "रानडुकरं येतात, रोही येतात. साडी हालली का त्याईले वाटते माणूस हाये."

रोही म्हणजे नीलगाय. आपल्या घरात जुन्या साडीची गोधडी होते, इथे तिचं कुंपण होतं. मला ते आवडलं. मी अलीकडच्या बोंडांचे फोटो घेतले. त्यासाठी फोकसचा दुसरा खटका ‘जवळ’ वर केला, आणि कापसाचा एकेक तंतू सुटा दिसला. सुदामने तो फोटो पाहून मान हलवली.

"माह्या कापसाले एवढा भाव देणारं पहिल्यांदा कोणी भेटलं," तो म्हणाला, आणि घोंगडी खांद्यावर टाकून जागलीला निघाला. रात्री शेत राखायला जाणं म्हणजे जागल. तुरीच्या मध्यावर, थोडी जागा मोकळी ठेवून, बांबूचं मचाण बांधलं आहे, त्यावर तो झोपतो आणि डुकरांची चाहूल लागली की डबा वाजवतो.

"मचाण बांधून घ्या आता नवं," वनिता त्याच्या पाठीमागून ओरडली. "एक पाय वाकडा झाला त्याचा!"

"माहा का मचाणाचा?" तो अंधारातून म्हणाला.

सकाळ

मी चहा घेत होते तेव्हा वनिताचा फोन वाजला. तिने तो कानाला लावला, ‘काय?’ म्हणाली आणि तशीच उभी राहिली. मग चार वेळा ‘हॅलो’ म्हणाली.

"हे बोलून राह्यले होते," तिने सांगितलं. "धुऱ्यावर वाघ हाये म्हणे. डुक्कर मारलं त्यानं, अन् बसून राह्यला. मंग फोनच पडला त्याईच्या हातातून."

धुरा म्हणजे शेताचा बांध. गजानन धावत आला. त्याने वनखात्याला फोन केला. गाडी निघते, पण वेळ लागेल, तोवर कोणी शेतात जाऊ नये, असं उत्तर आलं. शेजारपाजारची माणसं जमली. मचाण माणसाच्या उंचीहून थोडंच वर, आणि त्याचा एक पाय वाकडा. वाघाने मनात आणलं तर त्याला शिडीची गरज नव्हती. सगळे वनिताकडे बघायचं टाळत होते.

आम्ही घराच्या स्लॅबवर चढलो. तिथून तुरीच्या वर मचाणाचं छप्पर दिसत होतं आणि त्याखाली एक ठिपका. हाक ऐकू जाईल इतकं ते जवळ नव्हतं, आणि हाक मारावी की नाही हेही कळत नव्हतं. उजवीकडच्या धुऱ्यावर, तुरीच्या खोडांमधून काहीतरी नारिंगी दिसत होतं.

"थो पाहा! बसला हाये!"

सलीम म्हणाला, "मॅडम, तुमची दुर्बीण काढा ना!"

दुर्बीण नव्हे, असं सांगायची ती वेळ नव्हती. मी कॅमेरा आणला, नळी पूर्ण बाहेर काढली आणि त्या नारिंगी डागावर धरली. यंत्र फोकस शोधत पुढे-मागे झालं आणि थांबलं. चित्र धूसरच आलं. हात कापत असतील असं मला वाटलं. पडद्यावर नारिंगी धग आणि तिच्यावर काळे उभे पट्टे. माझ्याभोवती डोकी जमली.

"हाच! पट्टे दिसून राह्यले!"

"उजव्या धुऱ्यावर हाये ना?" गजानन म्हणाला. "मंग मी नाल्याकडून जातो. नाल्यापाशी ट्रॅक्टर लावतो, तिथून मचाण जवळ हाये. भाऊले घेतो अन् येतो."

"फॉरेस्टवाले येऊ द्या ना, भाऊजी," वनिता म्हणाली.

"अन् तोवर मचाण पडलं तं?"

तो दोन माणसं घेऊन गेला. ट्रॅक्टरचा आवाज गावाला वळसा घालून डावीकडे जाऊ लागला.

मला त्या फोटोने स्वस्थ बसू देईना. इतकी चांगली काच असं गढूळ चित्र देणार नाही. मी लेन्सच्या बाजूवरून बोट फिरवलं. दुसरा खटका कालपासून ‘जवळ’ वरच होता. यंत्र फोकस पुढ्यात शोधत होतं, आणि वाघ, जर तो वाघ असेल तर, पार शेताच्या टोकाला होता.

तो ‘लांब’ वर नेला तरी यंत्र मधल्या तुरीतच अडकलं असतं, म्हणून मी पहिला खटका ‘हाताने’ वर केला. पण अंगठ्याने ती अरुंद पट्टी फिरवायची तर डावा हात खालून सुटतो, आणि हात सुटला की चित्र उडतं. स्लॅबला कठडा नव्हता, टेकायला काही नव्हतं. वनिता माझ्यापुढे शेताकडे तोंड करून उभी होती. तिचा खांदा बरोबर माझ्या हनुवटीएवढा.

"वनिता, अशीच उभी राहा. मी तुझ्या खांद्यावर लेन्स टेकवते. हलू नकोस. श्वाससुद्धा हळू सोड."

"नाई हालत," ती म्हणाली. "पण तुमी सांगत राह्यजा. मले इथून काई दिसत नाई."

लेन्स तिच्या खांद्यावर बसली. हलकी आहे ते तेव्हा कामी आलं. एखादी मोठी लेन्स तिला रुतली असती. मी फोकसची पट्टी केसाएवढी फिरवली. पुढची तुरीची खोडं विरून गेली. ते काळे पट्टे म्हणजे तीच खोडं होती. मागचं नारिंगी स्वच्छ झालं. त्याला काठ होता. काठावर पांढऱ्या फुलांची ओळ होती. मग वारा आला आणि ते सबंध नारिंगी कापड एका कडेने वर उचललं गेलं.

"वनिता, ती साडी आहे. तुमच्या कुंपणाची. सुटून पडली आहे. नारिंगी, पांढऱ्या फुलांची."

तिचा खांदा दगडासारखा झाला.

"थे माह्या नणंदेचं पातळ हाये," ती म्हणाली. "मीच बांधलं होतं. मंग वाघ कुठी हाये?"

मी लेन्स मचाणावर नेली. सुदाम मधोमध गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. मचाण एका बाजूला कललं होतं आणि एका हाताने त्याने छपराचा बांबू धरला होता. दुसरा हात तो हलवत होता. नुसत्या डोळ्यांना तो मदतीसाठी हात करतोय असंच वाटत होतं. पण हात एकाच दिशेला जाऊन थांबत होता, परत येत होता, पुन्हा तिकडेच जात होता. डावीकडे, खाली.

"तो नाल्याकडे दाखवतोय."

"दोनी धुरे हायेत, आजी. एक नाल्याच्या कडेचा."

ट्रॅक्टरचा आवाज डावीकडेच होता.

"गजाननला फोन लाव. खांदा हलवू नकोस, फक्त हात."

तिने उजवा हात पोटाशी ठेवूनच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. रिंग वाजत राहिली. इंजिनच्या आवाजात त्याला ती ऐकू जाणं शक्य नव्हतं. तिने पुन्हा लावला. मी तोवर नाल्याचा काठ तपासत होते. सुकलेलं गवत, पळसाची झुडपं, सावली. झूम पूर्ण बाहेर असला की चौकट चिमूटभर जागा दाखवते. एखादी मोठी खोली कुलपाच्या भोकातून पाहावी तसं. मी डावीकडून सुरुवात केली आणि घाई न करता सरकत गेले. गवत. गवत. दगड. गवत.

मग दोन पांढरे ठिपके. त्यांच्याभोवती काळं. वाघाच्या कानांच्या मागच्या बाजूला असे ठिपके असतात, हे तुम्हीच मला पुस्तकात दाखवलं होतंत. ते मला दिसत होते, म्हणजे वाघाची पाठ माझ्याकडे होती. त्याचं तोंड नाल्यापलीकडे होतं, जिकडून ट्रॅक्टर येत होता.

"आहे," मी म्हटलं. "नाल्यात आहे. ट्रॅक्टरकडे बघतोय."

ट्रॅक्टरचा आवाज बंद झाला.

"उतरले थे," स्लॅबवर कोणीतरी पुटपुटलं.

फोन अजून वाजत होता. वनिताच्या खांद्याखाली मला तिच्या छातीचे ठोके जाणवत होते, पण खांदा जागचा हलला नव्हता.

"हां, बोल वहिनी," फोनमधून आवाज आला.

"भाऊजी, उतरू नका! वाघ नाल्यात हाये! तुमच्या समोर हाये!"

"काहून? थो तं उजव्या धुऱ्यावर..."

"थे लुगडं हाये! माह्या आईची शपथ, खाली पाय ठेवू नका!"

 पलीकडून ‘चढ, चढ, चढ’ असं ऐकू आलं आणि इंजिन पुन्हा धडधडलं. गजाननने हॉर्न दाबून धरला. ते दोन ठिपके हलले नाहीत.

"हे काय करून राह्यले?" वनिताने विचारलं. "आजी, याईचं सांगा. थ्या वाघाले राहू द्या."

मी लेन्स मचाणावर आणली. सुदामने इशारे करणं थांबवलं होतं. दोन्ही हातांनी त्याने बांबू धरला होता.

"बसलाय. बांबू धरलाय."

"उठून नाई ना राह्यले?"

"नाही."

"त्याईले सवय हाये, घाबरले का उठून उभे राह्यतात."

"बसलाय, वनिता. पक्का बसलाय."

वनखात्याची गाडी कधी आली ते मी पाहिलं नाही. नाल्याच्या बाजूने फटाके फुटल्याचे आवाज आले, मग माणसांचा ओरडा. माझ्या मागे एकदम गलका उठला.

"निघाला! निघाला! उघड्यावर आला!"

"मॅडम!" सलीम जिवाच्या आकांताने ओरडत होता. "वाघ! पूर्ण वाघ! अरे, लेन्स इकडे फिरवा ना! असा चान्स परत नाही यायचा!"

त्याने माझी बाही धरली. तुम्हाला खोटं सांगत नाही, फिरवावीशी वाटली. पण लेन्स वनिताच्या खांद्यावर होती आणि वनिता विचारत होती, "आता काय करून राह्यले?" मी डोळा हलवला नाही. वाघ शेत सोडून जंगलात कसा गेला, ते सलीमने मला परतीच्या सगळ्या रस्त्यावर हातवारे करून सांगितलं.

"मचाणाच्या खाली माणसं आलीत," मी वनिताला सांगत होते. "खाकी कपड्यांतली दोन. आणि गजानन. तो वर हात करतोय. सुदाम बांबू सोडत नाहीये."

"सोडत नाई?"

"बोटं आखडली असतील. थांब. एक हात सोडला. आता शिडीवर पाय टाकतोय. पाय सापडत नाहीये... गजाननने त्याचा पाय धरून पायरीवर ठेवला."

"खाली आले?"

"अजून नाही. दुसरा पाय."

 तिच्या खांद्याला रग लागली असणार; माझ्या मनगटाला केव्हाच लागली होती. तिने तोंडातून हळू श्वास सोडला, मी सांगितला होता तसा.

"आला," मी म्हटलं. "जमिनीवर आला."

"दोनी पाय?"

"दोन्ही पाय. गजाननने त्याला धरलंय. चालतोय."

 अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "आजी, आता हालू का?"

"हाल," मी म्हटलं.

चौकटीतलं शेत थरथरू लागलं. आधी थोडं, मग इतकं, की सुदाम कोणता आणि गजानन कोणता हेही कळेना. तुमच्या लेन्सचा तिसरा खटका चालू होता. माझ्या म्हाताऱ्या हातांना तो पुरतो. त्या थरथरीला तो पुरला नाही. मी नळी आत सरकवली, लॉक लावलं, कॅमेरा सलीमच्या हातात दिला आणि वनिताला दोन्ही हातांनी धरलं.